‘तयार ब्लॉग, मंजूर अ‍ॅडसेन्स’ विकणाऱ्यांपासून जपून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवरून जायला लागल्या तशी छपाई निम्म्यावर आली. मराठी टायपिंगचा हात बसलेला, म्हणून ब्लॉगमधून काही सुटतंय का बघत होतो. अशाच माणसांना हेरणाऱ्या एकाने मला १८,००० रुपयांना गंडवलं.

बेळगावात एका हॉटेलच्या हॉलमध्ये मोफत कार्यशाळा होती. बोलणारा आमच्याच भागातला. “सरकारी नोकरीला कन्नड आडवं येतंय, पुण्याला गेलं तर खोलीभाडंच परवडत नाही. गुगलला मराठी चालतंय की! मग कशाला थांबलाय?” टाळ्या पडल्या. सीमाभागातल्या पोरांचं दुखणं कुठे आहे, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. मग पडद्यावर अ‍ॅडसेन्सचं पान आलं, त्यावर डॉलरचे भलेमोठे आकडे. अ‍ॅडसेन्स म्हणजे ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गुगलची सेवा. ब्राउझरमधल्या ‘इन्स्पेक्ट’ने पानावरचा कुठलाही आकडा आपल्या स्क्रीनपुरता हवा तसा बदलता येतो. पान रिफ्रेश केलं की खरा आकडा परत येतो. तेव्हा असं काही दाखवलं तर तिथल्या तिथे रिफ्रेश करायला सांगा आणि त्याचं तोंड बघा.

त्याचा माल एकच: लेखांसकट तयार ब्लॉग आणि मंजूर झालेलं अ‍ॅडसेन्स खातं. “वाट बघायचं काम आम्ही केलंय, पहिल्याच आठवड्यात पैसे.” पैसे दिल्यावर लेख उघडून वाचले. कोबीच्या लागवडीवरच्या लेखात मधेच ‘आमच्या चॅनेलला सबस्क्राइब करा’ असं वाक्य! कुणाच्या तरी व्हिडिओतलं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं. डोमेन, म्हणजे ब्लॉगचा इंटरनेटवरचा पत्ता, त्याच्या नावावर, अ‍ॅडसेन्स खात्यावर तिसऱ्याच माणसाचा पत्ता, आणि जोडलेलं बँक खातंही माझं नव्हे. म्हणजे चुकून कमाई झालीच असती तरी ती माझ्याकडे आली नसती.

वर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सगळ्यांनी रोज एकमेकांच्या जाहिरातींवर क्लिक करायचं. असले खोटे क्लिक गुगलला कळतात आणि खातं बंद होतं. तसं ते झालं. मग “गुगलचा दंड भरा, खातं चालू करून देतो” म्हणून आणखी ४,५०० मागितले. तिथे मात्र मी हात आखडला.

आता खरा हिशोब बघा. अ‍ॅडसेन्सचा अर्ज फुकट असतो, आणि खातं विकत घेऊन आपल्या नावावर करून घेता येत नाही. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता पडताळायला टपालाने पिन येतो, त्याचेही पैसे पडत नाहीत. १०० डॉलर जमल्याशिवाय काही हातात येत नाही. जमले तरी या महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान सुटते. पहिल्या आठवड्यात पैसे येणार तरी कुठून?

नंतर मी ब्लॉगरवर स्वतःचा फुकटचा ब्लॉग काढला. आमच्याकडे जमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी, कन्नडमध्ये निघतो. बोजा ११ नंबरच्या रकान्यात असतो, हे बऱ्याच मराठी शेतकऱ्यांना वाचता येत नाही. दुकानात हेच विचारायला लोक यायचे, तेच मराठीत लिहायला लागलो. एकेका लेखासाठी तलाठ्याकडे खेपा घातल्या, शब्द तपासून घेतले. कित्येक महिने नेटचं बिलसुद्धा निघालं नाही. आता शोधून येणारे वाचक हळूहळू वाढतायत, पण दुकान बंद करण्याइतकं उत्पन्न त्यात नाही. दोन महिन्यांत नोकरी सोडायला लावणारा भेटला तर आधी त्याचा स्वतःचा ब्लॉग कुठला ते विचारा.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला ते गोठवता येण्याची शक्यता असते. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते, आणि आपल्या जिल्ह्यात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलीस ठाणं आहे. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत न्या. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, मला ते कसेबसे जमले. १८,००० पैकी १३,००० यूपीआयने दिले होते, त्यांची तक्रार नोंदली गेली आहे. उरलेले ५,००० हॉलमध्येच रोख दिले, पावती मागितली तर “घरच्या माणसाला पावती कशाला की” म्हणाला. ते बुडाले असंच धरलंय.