हँडेलचा ‘जेफ्था’: पावसाळी रात्री ऐकलेले ध्वनिमुद्रण
वेंगुर्ल्यात बाहेर पाऊस कोसळत असताना जॉन एलियट गार्डिनर यांच्या संचालनाखालील ‘जेफ्था’, म्हणजे बायबलमधल्या इफ्ताह (जेफ्था) या योद्ध्याच्या कथेवर संगीतकार हँडेलने रचलेले संगीतनाट्य (ऑरेटोरिओ), मी सलग दोन रात्री ऐकला. विजय मिळाल्यास घरातून प्रथम सामोरे येणाऱ्याचा बळी देईन, असा नवस इफ्ताह बोलतो आणि समोर येते ती त्याची एकुलती लेक. नवसाला जागणाऱ्या आम्हा कोकणातल्या माणसांच्या काळजाला हे थेट भिडते. दुसऱ्या अंकाच्या अखेरचे समूहगान रचताना, १७५१ च्या फेब्रुवारीत, डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावल्याने हँडेलला लेखणी खाली ठेवावी लागली होती, आणि माँटेव्हर्डी गायकवृंद ते गाताना तो अंधार अंगावर येतो. लेकीला वर नेण्यासाठी देवदूतांना घातलेली, इफ्ताहची भूमिका गाणाऱ्या नायजेल रॉब्सन यांची साद तर मी तीनदा ऐकली. मूळ कथेत नसलेला, देवदूताने मुलीला वाचवण्याचा शेवट मात्र मला पटला नाही.