भिंतीवरचं चित्र की हात लागेल असं शिल्प?

चौकासाठी काहीतरी करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत दोन गट पडतात. एकाला समोरची कोरी भिंत रंगवायची असते, दुसऱ्याला मधल्या मोकळ्या जागेत शिल्प हवं असतं. मी आधी भिंतीच्या बाजूने हात वर केला होता आणि काही वर्षांनी शिल्पाच्या. तुमची भिंत वेगळी असेल, हवाही वेगळी असेल. तेवढं धरून पुढचं वाचा.

भित्तिचित्र लोकांच्या डोळ्यांदेखत घडतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. चित्रकार परांचीवर असते, येणारे-जाणारे थांबतात आणि चित्र पुरं व्हायच्या आत ते चौकाचं झालेलं असतं. शिल्प मात्र दुसरीकडे घडतं आणि एका सकाळी क्रेनने येऊन बसतं. जागा नीट पाहिलेली नसेल तर ते उपरंच राहतं. न्यूयॉर्कमध्ये १९८१ साली रिचर्ड सेरा यांची 'टिल्टेड आर्क' ही १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत सरकारी कचेऱ्यांसमोरच्या चौकात उभी राहिली. रोजच्या वाटेत ती आडवी येते अशा तक्रारी सुरू झाल्या, सुनावणी झाली आणि १९८९ मध्ये ती कापून हलवावी लागली. म्हणून शिल्पाआधी माणसं कुठून कुठे चालतात ते पाहायला हवं.

तरीही माझं मन फिरलं ते ओलीमुळे. आमच्या भिंतीवर एका म्हातारीचा दोन मजली चेहरा होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्या गालावर तळहाताएवढा फुगा आला. बोटाने दाबला तर पापुद्रा सुटला आणि मागे पांढरी भुकटी. लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, पाणी उडून जातं आणि क्षाराचे स्फटिक रंगाला मागून ढकलतात. रंग कितीही चांगला असला तरी त्यापुढे त्याचं काही चालत नाही. गळती वरच्या पाइपची होती आणि इमारत दुसऱ्याची, त्यामुळे दुरुस्ती त्यांच्या सवडीने झाली. मग पोपडे खरवडून तेवढाच भाग रंगवला, पण नवा तपकिरी रंग उन्हाने उतरलेल्या जुन्या रंगाशी जुळेना. गालावर गोधडीचं ठिगळ दिसावं तसं दिसू लागलं. चित्रकार येऊन पाहून गेली आणि म्हणाली, आता अख्खा चेहराच पुन्हा करावा लागेल. ते काही झालं नाही. रोज त्या गालासमोरून जाताना मला फार वाईट वाटायचं.

बर्लिनची ईस्ट साइड गॅलरी तर जगप्रसिद्ध. तिथेही १९९० मध्ये रंगवलेली सुमारे १.३ किलोमीटरची भिंत २००९ मध्ये नव्याने रंगवून घ्यावी लागली आणि काही चित्रकारांनी त्याला नकार दिला.

देखभाल शिल्पालाही लागते. शिकागोतल्या अनिश कपूर यांच्या चकचकीत 'क्लाउड गेट'चा हात पोचतो तेवढा भाग रोज पुसावा लागतो. पण पुसायचं काम चौक झाडणारा माणूसही करू शकतो, चेहरा रंगवायचं नाही. गंजाचा थर धरणाऱ्या पोलादापासून मात्र जरा जपा. पावसात त्याचे ओघळ फरशीवर उतरतात.

भिंत स्वतःची आणि कोरडी असेल, तर मी चित्राला नाही म्हणणार नाही. फक्त एक पूर्ण पावसाळा ती नुसती पाहा. पाऊस थांबल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही हाताला गार, दमट लागली तर तिच्या नादी लागू नका.

आम्ही पुढे ब्राँझची बसलेली शेळी केली. चौथरा नाही, गुडघ्याएवढी उंची. मुलं पाठीवर चढतात, मोठी माणसं जाता जाता कान चोळतात. आता अंग काळपट आणि कान व पाठ पिवळीधमक झाली आहे. ही झीज मला आवडते, ती कुणाला दुरुस्त करावीशी वाटत नाही. मध्यंतरी सुरक्षिततेसाठी भोवती कठडा घालायची सूचना आली होती. आम्ही ती निकराने परतवली, तुम्हीही परतवा.