कॅनन लॉ घरात असावा का? मराठवाड्यातल्या कॅथलिक कुटुंबांसाठी परीक्षण

कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, हा सेमिनरीत शिकायचा विषय आहे असं आपल्याकडे धरूनच चालतात. लग्न ठरलं किंवा उपवासकाळ आला की 'फादर सांगतील तसं करू' म्हणायचं, विषय संपला. फादरांचं ऐकावंच. पण ते सांगतात त्यातलं देवाच्या नियमातून काय येतं, चर्चने स्वतः काय घालून दिलंय, कशाला सूट मिळते आणि ती कोण देऊ शकतं, हे समजून ऐकलं तर आज्ञापालन पक्कं होतं. त्यासाठी या कायद्याचं पुस्तक, म्हणजे त्याची संहिता, घरात हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती २५ जानेवारी १९८३ रोजी जाहीर केली आणि त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून ती लागू झाली. तिचे भाग सात आणि कलमं १७५२. प्रत्येक कलमाला कॅनन म्हणतात. तिच्या आधीच्या १९१७ च्या संहितेत २४१४ कॅनन होते. इंग्रजी मजकूर व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. तिथे मराठी नाही, ही मोठीच उणीव. भाषा कायद्याची असल्यामुळे इंग्रजी येणाऱ्यालाही एकेक कॅनन दोनदा वाचावा लागतो.

छापील प्रत विकत घेणार असाल किंवा कुणाची जुनी मिळत असेल, तर आधी तीन जागा तपासा. कॅनन १३९८ मध्ये गर्भपाताच्या शिक्षेचा मजकूर दिसला तर प्रत जुनी. शिक्षांचा सहावा भाग २०२१ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि आता त्या क्रमांकावर अल्पवयीनांवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा आहे. कॅनन १०८६ मध्ये 'औपचारिकपणे चर्च सोडलेल्या' व्यक्तीचा अपवाद असेल, तर ती प्रत २००९ च्या दुरुस्तीआधीची. आणि कॅनन २३० मध्ये वाचकाची (चर्चमध्ये बायबलपाठ वाचण्याची) सेवा फक्त पुरुषांना दिलेली असेल, तर २०२१ च्या सुरुवातीला झालेला बदल तिच्यात आलेला नाही. विवाह रद्दबातल ठरवण्याची प्रक्रियाही २०१५ मध्ये बदलली. पूर्वी दोन न्यायालयांचे एकमताचे निकाल लागत, ती अट तेव्हा गेली. जुन्या प्रतीवर विसंबून कुणाला सल्ला दिला तर त्याची वर्षं वाया जातात.

पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. सुरुवात कॅनन १०, ११ आणि १४ पासून करा. दहावा सांगतो की कायद्यात स्पष्ट म्हटलं असेल तरच एखादी कृती रद्दबातल ठरते. नियम मोडला की सगळं बाद, असं नसतं. अकराव्याप्रमाणे निव्वळ चर्चने केलेले नियम कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्यांना किंवा नंतर त्यात आलेल्यांना लागतात, तेही समज आलेल्या आणि सात वर्षं पूर्ण झालेल्यांना. चौदावा म्हणतो, कायद्याबद्दलच खरी शंका असेल तर तो बंधनकारक नाही. एवढे तीन कॅनन नीट कळले की पुढचं पुस्तक उघडायची भीती जाते.

आपल्याकडे या पुस्तकाचा खरा उपयोग लग्नात होतो. जालन्याकडे बेथेलच्या जुन्या मिशनपासून प्रोटेस्टंट वस्ती आहे, त्यामुळे कॅथलिक मुलगी आणि सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा) मुलगा ही सोयरीक नवलाची नाही. दोघांचाही बाप्तिस्मा झालेला, म्हणून इथे कॅनन ११२४ ची परवानगी लागते. ती घेतली नाही तर नियम मोडतो, पण तेवढ्याने लग्न रद्द होत नाही. मुलगा हिंदू किंवा बौद्ध असेल तर प्रश्न कॅनन १०८६ चा. तिथे सूट मिळाली नाही तर चर्चच्या दृष्टीने लग्न झालंच नाही. दोन्ही अर्ज पॅरिशमार्फत, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चमार्फत, औरंगाबाद धर्मप्रांताच्या बिशपांकडे जातात. अर्ज भरताना एक चूक फार होते: दुसऱ्या बाजूकडूनही मुलांना कॅथलिक करण्याचं वचन लिहून घेतात. कॅनन ११२५ वचन मागतो ते कॅथलिक व्यक्तीकडूनच, आणि तेही 'शक्य ते सगळं करीन' एवढंच. दुसऱ्या बाजूला त्या वचनाची नीट कल्पना द्यायची असते. एवढं आधीच समजलं तर बैठकीतलं बरंच भांडण टळेल.

सीएनआयच्या चर्चमध्ये लग्न लावायचं असेल तर आणखी एक सूट लागते, विवाहविधीच्या पद्धतीची. कॅनन ११०८ प्रमाणे अधिकार असलेले फादर किंवा डीकन (फादरांच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) आणि दोन साक्षीदार नसतील तर कॅथलिकाचं लग्न वैध होत नाही. विशेष विवाह कायद्याखाली नुसती नोंदणी करून संसार थाटलेली जोडपी इथेच अडकतात. त्यांचं लग्न वैध करून घ्यायची वाट कॅनन ११५६ पासून पुढे दिलेली आहे. तेवढी चार पानं वाचून मगच पॅरिशमध्ये जा.

आता मामाच्या मुलीचं. आपल्याकडे हे नातं हक्काचं मानतात. चर्चमध्ये मोजणी अशी: दोन्हीकडची माणसं धरायची आणि समाईक पूर्वज सोडायचा. मुलगा, त्याची आई, मामा, मामाची मुलगी, म्हणजे चौथी पायरी. कॅनन १०९१ प्रमाणे चौथ्या पायरीपर्यंत लग्न अवैध. चुलत, मावस, आते-मामे, सगळी भावंडं यात आली. 'आमच्यात रीत आहे' हे कारण चालत नाही, कारण अडथळ्याच्या विरुद्ध जाणारी रूढी कॅनन १०७६ थेट नाकारतो. मात्र हा अडथळा चर्चने घातलेला असल्यामुळे चौथ्या पायरीला बिशप सूट देऊ शकतात. सख्ख्या भावंडांना ती कधीच मिळत नाही. आधीचं वैध आणि शरीरसंबंधाने पूर्णत्वाला गेलेलं ख्रिस्ती लग्न शाबूत असताना दुसरं लावायची सूट पोपही देऊ शकत नाहीत. अधिकाराची हद्द कुठे संपते ते इथे इतकं स्वच्छ दिसतं, आणि म्हणूनच त्या अधिकारावर विश्वास बसतो.

उपवासाबद्दल थोडक्यात. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून. उपवास अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे एकोणसाठाव्या वाढदिवसापर्यंत. बरेच जण साठ पूर्ण होईपर्यंत धरतात. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडेला दोन्ही पाळायचं. मासे आणि अंडी मांसात मोडत नाहीत. मांसवर्ज्याच्या शुक्रवारी घरात कार्य आलं तर योग्य कारण असताना पॅरिशचे फादरच सूट देऊ शकतात (कॅनन १२४५), बिशपांपर्यंत जायची गरज नाही. गावात दर रविवारी मिस्सा (चर्चची मुख्य उपासना) होत नसेल तर आदल्या संध्याकाळची मिस्साही चालते. तीही शक्य नसेल तर पाप लागत नाही. कॅनन १२४८ अशा वेळी वचनसेवा किंवा घरची प्रार्थना सुचवतो.

बीड-धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी कॅनन १०२ आणि १०७ जरूर वाचावेत. तीन महिने राहायच्या इराद्याने गेलात, किंवा तीन महिने प्रत्यक्ष राहिलात, की कारखान्याजवळची पॅरिशही तुमचीच होते. तिकडे बाळ झालं तर बाप्तिस्म्यासाठी गावी परतायची वाट बघू नका. पहिल्या काही आठवड्यांतच तो द्यावा असं कायदा सांगतो. नोंद मात्र तिकडच्याच रजिस्टरमध्ये राहते. मुलाच्या लग्नाच्या वेळी दाखला बीडला शोधत बसतात आणि मिळत नाही, त्याचं कारण हे. पॅरिशचं नाव आणि तारीख रेशनकार्डाच्या पिशवीत लिहून ठेवा.

निर्णय पटला नाही तर? कॅनन २१२ एकाच दमात आज्ञापालन सांगतो आणि आपल्या गरजा व मत धर्मगुरूंपुढे मांडायचा हक्कही देतो. निर्णय लेखी आणि कारणांसह मागा. तो पॅरिशच्या फादरांचा असेल तर पंधरा दिवसांत बिशपांकडे दाद मागता येते. बिशपांचा असेल तर दहा दिवसांत आधी त्यांनाच फेरविचाराची विनंती करायची, तीस दिवसांत उत्तर आलं तर ते मिळाल्यापासून, नाही आलं तर तिसाव्या दिवसापासून, पंधरा दिवसांत रोमकडे जायचं. मुदत चुकली की दार बंद. बहुतेक खऱ्या तक्रारी इथेच मरतात, हे वाईट आहे.

मर्यादाही सांगायला हवी. बिशपांच्या परिषदेला ज्या गोष्टी ठरवायची मुभा आहे, उदाहरणार्थ शुक्रवारच्या मांसवर्ज्याऐवजी काय करावं किंवा लग्नाचं किमान वय संहितेपेक्षा किती वाढवावं, त्या या पुस्तकात सापडणार नाहीत. त्यासाठी धर्मप्रांताची परिपत्रकं पॅरिश ऑफिसातून मागून घ्या आणि त्या-त्या कॅननच्या पानात ठेवा.