सीपीपीचेक: फुकटचं टूल, पण हिरव्या रिपोर्टवर विसंबू नका

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीत तीन-चार जणांची टीम ई-रिक्षाच्या मोटर कंट्रोलरचं फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम) लिहीत असेल, तर महागड्या टूलच्या लायसन्सची चौकशी करण्याआधी सीपीपीचेक, म्हणजे सी आणि सी++ कोड न चालवताच त्यातल्या चुका शोधणारं टूल, लावून बघावं. ओपन सोर्स आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. ॲरेची हद्द ओलांडणं, व्हॅल्यू न देता वापरलेला व्हेरिएबल, नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा पत्ता) वापरणं या चुका ते चांगल्या पकडतं.

इन्स्टॉल झटपट होतं, वेळ जातो तो नीट लावण्यात. प्लॅटफॉर्म, म्हणजे कोड कोणत्या चिपवर चालणार ते, सांगितला नाही तर टूल आपल्याच पीसीच्या मापानं इंट (पूर्णांकाचा टाइप) ३२ बिटचा धरतं. एव्हीआर या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर तो १६ बिटचा असतो, त्यामुळे ओव्हरफ्लोच्या (आकडा टाइपमध्ये न मावण्याच्या) खऱ्या चुका निसटतात. एरर सापडल्या तरी एक्झिट कोड (काम संपताना टूल देतं तो आकडा, ० म्हणजे सगळं ठीक) मुळात ०च येतो, म्हणजे कोड आपोआप तपासून जोडणारा बिल्ड सर्व्हर खुशाल पास करतो. म्हणून टूलला एरर-एक्झिटकोड १ हा पर्याय द्या. इफडेफची (कोडचा भाग अटीनुसार चालू-बंद करणाऱ्या ओळींची) गर्दी असेल तर एका फाइलमागे १२ कॉन्फिगरेशनपर्यंतच तपासणी होते, म्हणून गाडीत जाणाऱ्या बिल्डचे मॅक्रो (त्या अटी ठरवणारी नावं) स्वतः सांगा.

मिस्रा सी २०१२ चं, म्हणजे सुरक्षित सी कोड लिहिण्याच्या नियमावलीचं, ॲडऑन सोबतच येतं. स्विचला डिफॉल्ट नाही (१६.४), इफला महिरपी कंस नाहीत (१५.६), चालू प्रोग्रॅममध्ये मेमरी मागणारं मॅलॉक वापरलं (२१.३) हे लगेच दिसतं. मात्र नियमाचा नुसता आकडा येतो, मजकुराची फाइल वेगळी जोडावी लागते. चिपवाल्यांची एचएएल लायब्ररी (चिपचं हार्डवेअर हाताळणारा तयार कोड) तपासणीतून वेगळी काढा, नाहीतर तिच्याच इशाऱ्यांच्या ढिगात आपला कोड सापडायचा नाही. इशारा दाबायचाच असेल तर त्याच ओळीवर, कारण लिहून. बिनकारणाचं सप्रेशन, म्हणजे दाबलेला इशारा, रिव्ह्यूत परत पाठवावं.

आता खरी गोम. थ्रॉटलचं एडीसी रीडिंग (व्होल्टेजचा आकड्यात केलेला मोजमाप) १६ बिट अनसाइन्डमध्ये (उणे आकडा न मावणाऱ्या टाइपमध्ये) घेतलं आणि त्यातून किमान ७०० वजा केले. कनेक्टर सैल होऊन रीडिंग ६९५ आलं, तर उत्तर उणे ५ नाही, ६५५३१ येतं. पुढे कमाल मर्यादेचा क्लॅम्प (आकडा मर्यादेवर कापणारा कोड) असेल तर तो याला फुल थ्रॉटल समजतो. नागपूरच्या बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको. आणि यावर टूल गप्प! दोन्ही बाजू एकाच टाइपच्या, त्यामुळे मिस्रालाही काही खटकत नाही. वजाबाकीआधी तुलना करा, रीडिंग फारच खाली असेल तर सेन्सर फॉल्ट धरून मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) शून्य करा, आणि युनिट टेस्टमध्ये ०, ६९९, ७००, ७०१, ४०९५ (१२ बिट एडीसीची कमाल) हे आकडे घालाच.

ग्राहकानं आयएसओ २६२६२ (वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षिततेचं मानक) मागितलं तर ८व्या भागातलं कलम ११ वाचा: टूलवर किती भरवसा ठेवला आणि का, हे कागदावर दाखवावं लागतं. ओपन सोर्स आवृत्तीसोबत तो कागद मिळत नाही, तो आपणच तयार करायचा. असिल सी-डीचं (त्या मानकातल्या सर्वांत कडक सुरक्षा पातळ्यांचं) काम असेल तर सशुल्क, प्रमाणित टूलचा खर्च कोटेशनमध्येच धरा.