व्हीएचएस की ब्लू-रे? सत्तरच्या दशकातल्या आडवाटेच्या मारधाड-विनोदी चित्रपटांसाठी

एका मित्राला सत्तरच्या दशकातले इटालियन मारधाड-विनोदी चित्रपट जमवायचेत. जुन्या व्हीएचएस टेप घ्याव्यात की ब्लू-रे डिस्क, इथे तो अडलाय.

चित्राबाबत वादच नाही. टेपवर साधारण 240 ओळींचा तपशील, ब्लू-रेवर 1080. शिवाय टेपसाठी जुन्या टीव्हीच्या 4:3 चौकटीत बसवताना रुंद पडद्याच्या कडा बऱ्याचदा कापल्या जायच्या. बड स्पेन्सर आणि टेरेन्स हिल या इटालियन नटांच्या जोडीच्या हाणामारीत गंमत पडद्याच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी चाललेली असते. कडा गेल्या की ठोसा दिसतो, उडून पडणारा दिसत नाही. मला हे फार खटकतं.

टिकाऊपणातही डिस्क पुढे. टेपला बुरशी लागते, चुंबकीय थर झिजतो, चालू व्हीसीआर मिळणंही कठीण. डिस्क घेताना रीजन कोड, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते याची खूण, मात्र बघावा.

संग्राह्यतेत टेपच सरस. हाताने रंगवलेली भडक वेष्टनं, त्या काळचं इंग्रजी डबिंग. आणि काही चित्रपट तर टेपच्या पुढे आलेच नाहीत. विक्रेत्याच्या ‘दुर्मीळ’ या शब्दाकडे लक्ष देऊ नका, नवी आवृत्ती निघाली आहे का तेवढं तपासा.

चित्रपट पुन्हापुन्हा बघायचे असतील तर ब्लू-रे. वेष्टनांचं वेड असेल, किंवा हवा तो चित्रपट डिस्कवर नसेलच, तर टेप.