एमजीबी रोडस्टरचं इंटीरिअर: नवा किट घ्यावा का, आणि त्यातलं काय घ्यावं?

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये एमजीबीइतके सुटे भाग दुसऱ्या कुठल्याच गाडीचे सहज मिळत नाहीत. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या गाड्या पाच लाखांवर बाहेर पडल्या, त्यामुळे सीटच्या कव्हरपासून दाराच्या क्लिपपर्यंत सगळं आजही नव्याने बनतं. पण ‘मिळतं’ आणि ‘चांगलं मिळतं’ यात फरक आहे. किट म्हणून, म्हणजे सीटची कव्हरं, कार्पेट आणि दारांची पॅनल यांचा संच म्हणून, विकला जाणारा सगळा माल एका दर्जाचा नसतो.

आधी गाडी कुठल्या सालची ते बघा. १९६२ ते ६७ च्या मार्क वनमध्ये बसण्याच्या भागावर खरं कातडं, कडेला आणि मागे रेक्झिन, शिवणीवर वेगळ्या रंगाची किनार आणि पत्र्याचा, काळ्या सुरकुत्यांच्या रंगाचा डॅशबोर्ड. आमच्या मते एमजीबीचं सर्वांत देखणं इंटीरिअर हेच. १९६८ पासून अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांना सुरक्षेच्या नियमांमुळे फुगीर गादीचा डॅशबोर्ड आला. शौकीन त्याला चेष्टेने ‘ॲबिंग्डनची उशी’ म्हणतात. त्यात ग्लोव्हबॉक्सच नाही! १९७० च्या मॉडेलपासून कातडं गेलं, सीट मात्र मागे कलू लागली. १९७७ च्या मॉडेलला ब्रिटनमध्ये पट्ट्यापट्ट्यांचं कापड आलं. त्यावर आजही दोन तट आहेत, आणि आम्ही विरोधकांत.

पहिले मालक आठवणी सांगतात तेव्हा कातड्याच्या वासानंतर लगेच पाण्याचा विषय निघतो. सुरुवातीला हीटरसुद्धा जादा पैसे मोजून घ्यावा लागे. ‘पॅक-अवे’ हूड, म्हणजे सुटं करून ठेवायचं कापडी छप्पर, घेतलेल्यांना पाऊस आला की डिकीतून सांगाडा काढून जोडावा लागायचा, तोवर सीट भिजलेली. आजही नव्या किटचा पहिला शत्रू पाणीच. म्हणून कार्पेट मागवण्याआधी जुनं उचला आणि फ्लोअर व सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) टोकरून बघा. काचेपुढच्या जाळीतून हवेसोबत पावसाचं पाणीही आत येतं. ते वाहून नेणारी रबरी नळी गिअरबॉक्सच्या बोगद्यात उतरते. पालापाचोळ्याने ती तुंबली की पाणी साचून पायापाशी उतरतं. नळी साफ करा, जाळीतून तांब्याभर पाणी ओता आणि ते गाडीखाली पडतंय ना ते पाहा. हे न करता टाकलेलं कार्पेट कुजणार, मग ते कितीही महाग असो.

किटमध्ये सर्वांत समाधान सीटच्या कव्हरचं. कातड्याचं घ्या, रेक्झिनचं स्वस्त पडतं, पण मार्क वनमध्ये लगेच डोळ्यांत भरतं. मात्र जुनं कातडं नुसतं भेगाळलं असेल आणि शिवण शाबूत असेल, तर बदलू नका. साफ करून, भेगा भरून, रंग देऊन ते अजून बरीच वर्षं टिकतं. दोरा कुजला असेल तरच नवं. कव्हरसोबत फोम आणि खालचा रबरी आधारही बदला. जुन्या फोमचा भुगा झालेला असतो, आणि सैल रबरावर नवं कव्हर चढवलं की काही महिन्यांत मधोमध खळगा पडतो.

सीट काढताना मेट्रिक पाने लावू नका, नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. फ्लोअरमधले नट पत्र्याला जखडलेले असतात. गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवला की नट सुटून बोल्टबरोबर गरगर फिरतो. आदल्या रात्री खालून गंज सोडवणारं तेल मारा. रुळांखालच्या लाकडी पट्ट्या फेकू नका, सीटची उंची त्यांच्यावर आहे. कव्हर चढवताना फोमवर पातळ प्लास्टिक टाकलं की ते सहज सरकतं; नंतर प्लास्टिक ओढून काढा. आधी मधली शिवण जागेवर बसवा, मग पुढची कड, मागची, आणि बाजू शेवटी. बाजूंपासून सुरुवात केली की किनार वाकडी जाते. पुण्या-मुंबईतला चांगला कुशनवाला हे काम करू शकतो, फक्त जुनं कव्हर न उसवता नमुना म्हणून त्याच्या हाती द्या.

दारांची पॅनल हा किटचा सर्वांत कच्चा भाग. आतला हार्डबोर्ड ओल लागली की फुगतो आणि क्लिपा सुटतात. बसवण्याआधी मागची बाजू आणि कडा वॉर्निशने बंद करा, दारावर प्लास्टिकचा कागद चिकटवा आणि त्याचं खालचं टोक दाराच्या आत सोडा. हँडलची भोकं बऱ्याचदा पाडलेली नसतात. ती मागून मोजून पाडा, पुढून अंदाजाने नको.

कार्पेटचे तुकडे ठीक असतात, पण हँडब्रेकपाशी आणि सीटबेल्टच्या बोल्टपाशी कात्री चालवावी लागतेच. सिल आणि चाकांच्या कमानींवर चिकटवा, फ्लोअरवर मात्र बटणांवरच ठेवा, म्हणजे ओलं झालं तर काढून वाळवता येईल. मार्क वनमध्ये सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागच्या झाकणाखाली असतात. त्या झाकणावर कार्पेट चिकटवून टाकणारे महाभाग आहेत.

मार्क वनच्या डॅशबोर्डला हात लावताना जपा. तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या जोडमीटरमधून एक बारीक तांब्याची नळी थेट इंजिनच्या हेडपर्यंत जाते. ती कापली किंवा मुडपली की तापमानाचा काटा मेला. थोडं कूलंट काढून नळीचं टोक हेडमधून सोडवा आणि मीटरसकट अख्खी बाहेर घ्या. तेलाची नळी जोडताना वॉशर नवा टाका, नाहीतर नव्या कार्पेटवर पहिला डाग तेलाचा पडेल. सुरकुत्यांचा काळा रंग स्प्रे कॅनमध्ये मिळतो. तो पातळ मारला तर सुरकुत्या पडतच नाहीत. थोड्या थोड्या अंतराने तीन जाड हात द्या, एक उभा, एक आडवा, एक तिरपा, आणि मग ऊब द्या.

पैसे मोजकेच असतील तर कातड्याची कव्हरं, फोम आणि रबर आधी घ्या, कार्पेट नंतर. दाराची पॅनल पुरवठादाराकडून न घेता जुन्यांच्या मापाने जलरोधक प्लायवर करून घेतलेली बरी. स्टीअरिंगच्या रिमला गेलेले तडे इपॉक्सीने भरतात. त्यासाठी मोटो-लिटा या कंपनीचं लाकडी स्टीअरिंग व्हील घ्यायची गरज नाही. घेतलंत तर जुनं जपून ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक तेच मागतं.