पोर्ट चालू, मेसेज बंद – ॲप्लिकेशन कंट्रोल नऊ महिने वापरल्यावर

आमच्या ऑफिसात साठेक माणसं आणि नेटवर्क बघायला मी एकटी. नऊ महिन्यांपूर्वी जुना फायरवॉल (ऑफिस आणि इंटरनेट यांच्या मधला पहारेकरी) काढून नवा बसवला. त्यात ॲप्लिकेशन कंट्रोल होतं. म्हणजे नुसता पोर्ट नंबर (कुठल्या सेवेचं दार ते सांगणारा आकडा) न बघता आतला ट्रॅफिक ओळखायचा, 'हे अमुक ॲप' असं ठरवायचं आणि मग सोडायचं की अडवायचं ते बघायचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली जे लिहिलंय ते थोड्याफार फरकाने कुठल्याही फायरवॉलवर होईल. शिवाय निम्म्या चुका माझ्याच होत्या.

सुरुवातीला मी सरळ ॲपचे अख्खे वर्गच अडवून टाकले. गेम्स बंद, टॉरेंट बंद, प्रॉक्सी (मधल्या सर्व्हरमार्गे नियम चुकवणारी ॲप) बंद. दोन महिने कुणाची तक्रार नाही, मी खूश. मग एका सोमवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर आमचं कामाचं मेसेजिंग ॲप नुसतं 'कनेक्ट होत आहे' म्हणत फिरत बसलं. मोबाइल डेटावर गेलं की चालू, वायफायवर आलं की बंद. वेबसाइट मात्र सगळ्या उघडत होत्या. "मॅडम, तुमचं वायफाय गेलंय" हे वाक्य मी त्या दिवशी किती वेळा ऐकलं, मोजलं नाही.

मी जे करायला नको होतं तेच आधी केलं: पोर्ट तपासला. ४४३ ला (सुरक्षित वेबचा पोर्ट) टेलनेट केलं, म्हणजे दार उघडतं का ते बघितलं, लगेच कनेक्शन जुळलं. डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं) बरोबर, पिंग (सर्व्हर उत्तर देतो का) बरोबर. फायरवॉलच्या ट्रॅफिक लॉगमध्येसुद्धा हिरवी टिकली, 'परवानगी'. म्हणून मी ॲपवाल्यांच्या सर्व्हरवर संशय घेत अर्धा दिवस घालवला.

ही मेख कळायला मला वेळ लागला. ॲप्लिकेशन कंट्रोलला पहिल्या पॅकेटवरून (डेटाच्या तुकड्यावरून) काहीच कळत नाही. टीसीपीचं हँडशेक (जोडणी जुळवायची पहिली देवाणघेवाण) त्याला होऊ द्यावंच लागतं. त्यानंतर टीएलएसचा (जोडणी गुप्त ठेवायच्या पद्धतीचा) पहिला निरोप जातो, त्यात सर्व्हरचं नाव सहसा उघडं लिहिलेलं असतं. ते आणि पुढची दोन-चार पॅकेट वाचून फायरवॉल ओळखतो की हे कोण, आणि तिथे दार लावतो. टेलनेट बिचारं हँडशेकपुरतंच जातं, त्यामुळे त्याला सगळं आलबेल दिसतं. ट्रॅफिक लॉगमध्ये खरी खूण होती ती बाइट्सच्या रकान्यात. प्रत्येक सेशन (एकेक जोडणी) जेमतेम काही शे बाइटचं, आणि तसली शेकडो सेशनं एकामागून एक. हे चित्र दिसलं की पोर्टच्या वाटेला जाऊच नका.

ब्लॉकची खरी नोंद वेगळ्याच लॉगमध्ये असते, ॲप्लिकेशनच्या. तो मी जागा वाचवायला बंद ठेवला होता! चालू केल्यावर दोन मिनिटांत उत्तर मिळालं. रविवारी रात्री सिग्नेचरचा (ॲप ओळखायच्या खुणांचा) संच आपोआप अपडेट झाला होता. आधी ज्याला फायरवॉल नुसतं 'एसएसएल' (साधा गुप्त ट्रॅफिक) म्हणत होता, त्याला आता 'प्रॉक्सी' म्हणू लागला. ना आम्ही काही बदललं होतं, ना ॲपने.

उपाय सोपा: त्या ॲपला नावानिशी परवानगी, आणि ती वर्गाच्या नियमाच्या वर. खाली ठेवली तर आमच्या फायरवॉलवर तिचा उपयोग शून्य. तरीही पहिल्या दहा मिनिटांत फोन चालेनात, कारण जुन्या सेशनवर जुनाच निकाल चिकटलेला होता. ती सेशनं काढून टाकली, लोकांना वायफाय बंद-चालू करायला सांगितलं, तेव्हा मेसेज आले.

इथे संपलं असतं तर हे लिहायला बसले नसते. मेसेज आले, पण फोटो येईनात. फोटो दुसऱ्या नावाच्या सर्व्हरवरून येत होते आणि ते नाव वेब फिल्टरमध्ये अडकत होतं. ते सोडवलं तर कॉलची रिंग वाजे, उचलला की दोन्हीकडे शांतता. रिंग ४४३ वरून जाते, आवाज मात्र यूडीपीवरून (हँडशेकशिवाय पॅकेट पाठवायची पद्धत). दोन फोनना एकमेकांचा पत्ता शोधायला स्टन लागतं, त्याचा नेहमीचा पोर्ट ३४७८. फायरवॉलच्या लेखी स्टन हे स्वतंत्रच ॲप्लिकेशन, त्याला वेगळी परवानगी. रिंग वाजते पण आवाज नाही, अशी तक्रार आली की मी आता आधी यूडीपी बघते.

सगळ्यात चिवट निघाली ती नोटिफिकेशनची तक्रार. "ॲप उघडलं की सगळे मेसेज धाडकन येतात, तोवर काहीच नाही." हा दोष ॲपचा नव्हताच. बंद ॲपला जागं करण्याचं काम ॲपलची किंवा गूगलची पुश सेवा करते. ॲपलची ५२२३ वर, गूगलची सहसा ५२२८ ते ५२३० वर. ५२२३ अडला तर ॲपलची सेवा ४४३ वरून प्रयत्न करते, म्हणून आमच्याकडे आयफोनवाले गप्प आणि अँड्रॉइडवाले वैतागलेले. तीन आठवडे मी हे फोनच्या बॅटरी सेव्हरवर ढकलत होते, माफ करा मंडळी.

मग टीएलएस तपासणी. फायरवॉल दोघांच्या मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) देतो, उलगडून बघतो, परत बांधून पुढे पाठवतो. ऑफिसच्या संगणकांवर ते सर्टिफिकेट टाकलेलं असल्याने ब्राउझर कुरकुरत नाही. पण सिग्नलसारखी ॲप फक्त स्वतःच्या ठरलेल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवतात, मधला माणूस दिसला की कनेक्शन तोडतात. आमचंही त्याच जातीचं. तीच सेवा ब्राउझरमध्ये चालते आणि ॲपमध्ये नाही, असं दिसलं तर आधी तपासणी आठवावी. त्या डोमेनना तपासणीतून वगळणं हाच रस्ता. ॲपशी भांडून काही मिळत नाही.

माझी या सुविधेबद्दल मोठी तक्रार एकच आहे. वेबसाइट अडवली तर फायरवॉल निदान पाटी दाखवू शकतो. ॲपला पाटी दाखवायची सोय नाही. माणसाला दिसतं ते फिरणारं चक्र, आणि तो समजतो नेट गेलं. त्यातही फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल तर ॲप टाइमआउट होईपर्यंत ताटकळतं; रीसेट (जोडणी तोडल्याचा निरोप) पाठवत असेल तर निदान लगेच चूक दाखवतं. मी जिथे जमेल तिथे रीसेट ठेवलंय.

त्या सोमवारी दोघा-तिघांनी फुकटचं व्हीपीएन टाकून आपलं काम भागवलं. मला राग आला, पण खरं सांगायचं तर ती वेळ आणली मीच. कामाचे मेसेज कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरमधून जाण्यापेक्षा गेम्स चालू राहिलेले परवडले असते. तुम्ही नेटवर्कवाले नसाल तर ती वाट धरू नका. वेळ, फोनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), वायफायचं नाव, आणि काय चालतंय, काय नाही, एवढं लिहून द्या. 'ॲप चालत नाही' यापेक्षा 'मेसेज जातात, फोटो नाही, डेटावर दोन्ही चालतं' हे वाक्य माझा तास वाचवतं.

इतकं होऊनही ॲप्लिकेशन कंट्रोल मी बंद केलेलं नाही. टॉरेंट कुठल्याही पोर्टवरून आला तरी पकडतं, ते जुन्या फायरवॉलला जमत नव्हतं. मात्र आता नवीन वर्ग थेट अडवत नाही. आधी दोन आठवडे नुसती नोंद, मग निर्णय. सिग्नेचरचं अपडेट रविवारऐवजी बुधवारी दुपारी लावलंय, मी जागेवर असताना. लॉगची डिस्कही वाढवून घेतली. पाहुण्यांच्या वायफायवर कॉल सोडायचे की नाही, हा वाद साहेबांशी अजून चालू आहे.